मॅग्नेटोटेलमधला वेगवान प्लाझ्मा प्रवाह डेटात कसा शोधायचा: नवख्यांसाठी पायरीवार मार्गदर्शन

मॅग्नेटोटेल म्हणजे पृथ्वीच्या चुंबकावरणाचं शेपूट. तिथल्या उपग्रहाच्या डेटात आयनांचा वेग सेकंदाला ४०० किलोमीटरच्या वर गेलेला दिसला की नवख्याला वाटतं, घटना सापडली. बहुतेक वेळा ती सापडलेली नसते. तो वेग चुंबकीय रेषेच्या बाजूने धावणाऱ्या झोताचा असू शकतो, लोब नावाच्या जवळजवळ रिकाम्या भागातल्या विरळ प्लाझ्मातला (विद्युतभारित कणांच्या वायूतला) निव्वळ गोंगाट असू शकतो, किंवा यान प्लाझ्मा शीट या मधल्या थराच्या कडेवरून वरखाली झाल्याचा परिणामही असू शकतो. वेग, चुंबकीय क्षेत्र आणि घनता ही तिन्ही एकाच गोष्टीची साक्ष देत असतील तरच तो खरा वेगवान प्रवाह. ती साक्ष कशी तपासायची, ते इथे एका ठरावीक घटनेवर करून पाहू: २७ फेब्रुवारी २००९, जागतिक वेळ (युटी) ०७:५१ ते ०७:५५, नासाची थेमिस ही पाच यानांची मोहीम. अभ्यासासाठी ही घटना उत्तम आहे. तिच्यात एकच फ्रंट (प्रवाहाची पुढची कड) एकामागून एक यानांवरून गेला, डेटा खुला आहे आणि आलेख बऱ्यापैकी स्वच्छ आहेत.

आधी जागा ओळखा

सौर वाऱ्यामुळे पृथ्वीचं चुंबकावरण रात्रीच्या बाजूला लांब ताणलं जातं. हे शेपूट म्हणजे मॅग्नेटोटेल. त्यात उत्तरेला आणि दक्षिणेला दोन लोब असतात. उत्तरेकडच्या लोबमधलं क्षेत्र सूर्याच्या दिशेने असतं, दक्षिणेकडच्या लोबमधलं सूर्यापासून दूर. पृथ्वीपासून २० पृथ्वी-त्रिज्यांवर लोबमधलं क्षेत्र साधारण २० ते ३० नॅनोटेस्ला असतं आणि प्लाझ्मा जवळजवळ नसतोच. दोन लोबांच्या मधे प्लाझ्मा शीट असते. तिथे घन सेंटिमीटरला ०.१ ते १ कण, आयनांचं तापमान काही किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट आणि इलेक्ट्रॉनांचं त्याच्या साधारण सातवा भाग. शीटच्या ऐन मध्यात क्षेत्राची एक्स दिशा उलटते. तिथे बी-एक्स, म्हणजे क्षेत्राचा सूर्याच्या दिशेचा घटक, शून्य होतो आणि उरतो तो लहानसा, उत्तरेकडे रोखलेला बी-झेड. पुढचं सगळं काम या बी-झेडभोवती फिरतं.

शीटमधला प्लाझ्मा बहुतेक वेळ संथ असतो, वेग काही दहा किलोमीटर प्रति सेकंद. मधूनच तो झटका घेऊन पृथ्वीकडे धावतो. एकेक झटका मिनिटभराचा, आणि असे झटके दहा-दहा मिनिटांच्या गटाने येतात. या गटांना बर्स्टी बल्क फ्लो म्हणतात, थोडक्यात बीबीएफ. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला शास्त्रज्ञ अँजेलोपुलस आणि सहकाऱ्यांनी ही व्याख्या रूढ केली. जिथे हे प्रवाह सर्वात जास्त आढळतात तिथे ते निरीक्षणाच्या केवळ १० ते १५ टक्के वेळात दिसतात, पण पृथ्वीकडे जाणाऱ्या वस्तुमानाचा, ऊर्जेचा आणि चुंबकीय फ्लक्सचा ६० ते १०० टक्के भाग तेच वाहून नेतात. म्हणून शेपटीत सरासरी वेग काढून काहीच कळत नाही. जे घडतं ते या थोड्या मिनिटांत घडतं.

हे प्रवाह येतात कुठून? साधारण २० ते ३० त्रिज्यांवर शीट पातळ होते, चुंबकीय रेषा तुटून नव्याने जोडल्या जातात (हीच पुनर्जोडणी) आणि पृथ्वीकडच्या बाजूला आखूड झालेल्या रेषा प्लाझ्मासकट आत फेकल्या जातात. अशा रेषांच्या नळीत आजूबाजूपेक्षा प्लाझ्मा कमी असतो, म्हणून उकळत्या पाण्यातला बुडबुडा वर यावा तशी ती पृथ्वीकडे सरकत राहते. १० त्रिज्यांच्या आसपास पृथ्वीचं स्वतःचं भक्कम द्विध्रुवी क्षेत्र आडवं येतं आणि प्रवाह थबकतो. या धावत्या नळीच्या पुढच्या कडेला बी-झेड एकदम उसळतो. ती कड म्हणजे डायपोलरायझेशन फ्रंट.

पहिली पायरी: हत्यारं मांडा

पायथनसाठी पायस्पेडास हे मोफत पॅकेज घ्या. ते स्वतंत्र व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये पिपने बसवा, नाहीतर नमपायच्या आवृत्त्यांची भांडणं लागतात. थेमिस, एमएमएस आणि क्लस्टर या तिन्ही मोहिमांचा डेटा ते थेट सर्व्हरवरून उतरवतं. थेमिसच्या फाइली सीडीएफ प्रकारात, दिवसाला एक अशा येतात. त्या कुठल्या फोल्डरमध्ये साठवायच्या ते सुरुवातीलाच ठरवून द्या.

थेमिसची पाच यानं १७ फेब्रुवारी २००७ रोजी सुटली. इथे पहिला गोंधळ होतो. शोधनिबंधांत यानांना पी१ ते पी५ म्हणतात, फाइलींत मात्र ए ते ई अक्षरं असतात आणि क्रम सरळ नाही. पी१ म्हणजे बी, पी२ म्हणजे सी, पी३ म्हणजे डी, पी४ म्हणजे ई आणि पी५ म्हणजे ए. हे कागदावर लिहून पडद्याशेजारी चिकटवा. पी१ आणि पी२ ही यानं २०१० नंतर चंद्राकडे नेली गेली, त्यामुळे शेपटीतली पाच यानांची रांग हवी असेल तर २००८ आणि २००९ च्या हिवाळ्यातलेच दिवस शोधावे लागतात.

उतरवायच्या गोष्टी चार: यानाचं स्थान, चुंबकमापक एफजीएम, कमी ऊर्जेचे कण मोजणारं ईएसए आणि जास्त ऊर्जेचे कण मोजणारं एसएसटी. वेळेची खिडकी घटनेपेक्षा मोठी घ्या. आपल्या उदाहरणासाठी ०७:०० ते ०९:०० घ्या. आधीची शांत वेळ दिसल्याशिवाय उसळी किती होती हे ठरत नाही.

एफजीएमचे तीन प्रकार मिळतात: तीन सेकंदांना एक मोजणी, सेकंदाला ४ आणि सेकंदाला १२८. नवखे लोक हलकी फाइल म्हणून पहिला प्रकार घेतात आणि तिथेच फसतात. ३०० किमी/से वेगाने येणारा फ्रंट तीन सेकंदांत ९०० किलोमीटर पुढे जातो, आणि फ्रंटची जाडी असते त्याच्या निम्मी. त्या डेटातून जाडी काढली तर ती फ्रंटची नव्हे, मोजणीच्या अंतराची जाडी निघते. फ्रंटसाठी सेकंदाला ४ चा डेटा किमान हवा. १२८ चा मिळाला तर उत्तम, पण तो सगळ्या वेळेसाठी नसतो.

आणखी एक अडचण आपल्याकडच्या लोकांनाच येते. डेटातली वेळ युनिक्स सेकंदांत असते. पायथनमध्ये ती तारखेत बदलताना टाइमझोन सांगितला नाही, तर संगणक ती भारतीय वेळेत बदलून साडेपाच तास पुढे दाखवतो. ०७:५२ ची घटना आलेखात १३:२२ ला दिसते, आणि माणूस दिवसभर रिकाम्या ०७:५२ कडे बघत बसतो. प्रत्येक रूपांतरात युटी स्पष्ट लिहा.

दुसरी पायरी: यान कुठे होतं

स्थान जीएसएम (सूर्याची दिशा आणि पृथ्वीचा चुंबकीय अक्ष यांवर बेतलेल्या) निर्देशांकांत काढा आणि ६,३७१ किलोमीटरने भागून पृथ्वी-त्रिज्यांत आणा. एक्स अक्ष सूर्याकडे असतो, म्हणून शेपटीत एक्स ऋण येतो. आपल्या घटनेत पी१ एक्स = −२०.१ वर, पी२ −१६.७ वर आणि पी३, पी४ ची जोडी −११.० वर होती. म्हणजे तीन टप्प्यांची जवळजवळ सरळ रांग.

शेपटीत जीएसई (पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीवर बेतलेले निर्देशांक) ऐवजी जीएसएम घ्यायचं कारण असं, की पृथ्वीचा चुंबकीय अक्ष दिवसभर डोलतो आणि शीट त्याच्याबरोबर कलते. जीएसईत केलेल्या कामात बी-वाय आणि बी-झेड एकमेकांत मिसळतात. शिवाय सौर वाऱ्याचा वेग ४०० किमी/से आणि पृथ्वीचा कक्षेतला वेग ३० किमी/से धरला, तर शेपूट संध्याकाळच्या बाजूला सुमारे ४.३ अंशांनी वळलेलं असतं. २० त्रिज्यांवर हा फरक दीड त्रिज्येचा होतो. एकाच घटनेसाठी तो सोडून दिला तरी चालतो. शेकडो घटनांची सांख्यिकी करणार असाल तर तो धरायलाच हवा.

तिसरी पायरी: एकाखाली एक पट्टे

एकाच वेळरेषेवर वरून खाली असे पट्टे लावा: चुंबकीय क्षेत्राचे तीन घटक आणि एकूण क्षेत्र, आयनांची घनता, आयनांचं तापमान, आयनांच्या वेगाचे तीन घटक, प्लाझ्मा आणि चुंबकीय दाब, आणि शेवटी आयन व इलेक्ट्रॉनांचे ऊर्जा-वर्णपट. सवय झाल्यावर पट्टे कमी करा. सुरुवातीला मात्र एकही गाळू नका. चूक नेहमी न पाहिलेल्या पट्ट्यातच सापडते.

इथे एका उपकरणाची मर्यादा नीट समजून घ्या. थेमिसचं ईएसए आयन साधारण २५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंतच मोजतं. वेगवान प्रवाहाच्या मागच्या तापलेल्या प्लाझ्मात बऱ्याच आयनांची ऊर्जा याच्या वर असते आणि ते एसएसटीत दिसतात. फक्त ईएसएचे आकडे घेतले तर तापमान, दाब आणि कधीकधी वेगही कमी येतो. हे ओळखायची खूण अशी: आयनांच्या वर्णपटात रंगाचा पट्टा वरच्या कडेला टेकून कापल्यासारखा दिसतो. तसं दिसलं की ईएसए आणि एसएसटी जोडून काढलेले आकडेच वापरा. एमएमएसच्या एफपीआय या कणमापकाला हीच अडचण ३० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास येते.

डेटा नसेल तिथे सीडीएफमध्ये ऋण १ वर ३१ शून्यं असा आकडा भरलेला असतो. पॅकेज तो सहसा काढून टाकतं. स्वतः फाइल वाचत असाल तर मात्र सरासरी काढण्यापूर्वी तो हटवा.

चौथी पायरी: आपण खरंच शीटमध्ये आहोत का

यासाठी बीटा काढा, म्हणजे प्लाझ्माचा दाब भागिले चुंबकीय दाब. हिशेब हाताने होतो:

प्लाझ्मा दाब, नॅनोपास्कलमध्ये = ०.१६ × घनता × किलोइलेक्ट्रॉनव्होल्टमधलं तापमान

चुंबकीय दाब, नॅनोपास्कलमध्ये = नॅनोटेस्लामधल्या क्षेत्राचा वर्ग ÷ २,५१३

घनता ०.३ आणि तापमान ५ असेल तर प्लाझ्मा दाब ०.२४ येतो. क्षेत्र १० असेल तर चुंबकीय दाब ०.०४, म्हणजे बीटा ६. यान शीटच्या ऐन मध्यात आहे. क्षेत्र २५ झालं की चुंबकीय दाब एकटाच ०.२५ होतो, म्हणजे लोब जवळ आला. बीटा ०.५ च्या वर असेल तरच पुढे जा, असा नियम बहुतेक जण पाळतात आणि तो बरोबर आहे.

घनता ०.०५ च्या खाली गेली तर वेगाच्या आकड्यावर विश्वास ठेवूच नका. लोबमध्ये मोजायला कणच नसतात, यानाचा स्वतःचा धन विद्युतभार थंड आयनांना दूर ठेवतो आणि आलेखात १,००० किमी/से चे काटे उभे राहतात. आकडा मोठा दिसतो, पण त्यामागे काही नसतं.

दोन्ही दाबांची बेरीज घेण्याचा आणखी एक फायदा आहे. शीटच्या आडव्या छेदात ती जवळजवळ सारखी राहते. म्हणून शीटमध्ये बसूनही लोबमधलं क्षेत्र किती असेल ते सांगता येतं: एकूण दाब गुणिले २,५१३, आणि त्याचं वर्गमूळ.

पाचवी पायरी: वेग फोडा

ही पायरी गाळली तर बाकी सगळं वाया जातं.

शीटच्या वरच्या आणि खालच्या कडेला आयनांचे झोत चुंबकीय रेषेच्या बाजूने पृथ्वीकडे धावत असतात. वेग ६००, ८००, कधी त्याहून जास्त. पण रेषेच्या बाजूने धावणारा प्लाझ्मा चुंबकीय फ्लक्स हलवत नाही. आपल्याला हवा तो रेषेला काटकोनात असलेला वेग, कारण त्याच्याबरोबर रेषाही सरकते. सूत्र साधं आहे: वेग आणि क्षेत्र यांचा डॉट गुणाकार घ्या, क्षेत्राच्या वर्गाने भागा, त्याने क्षेत्राच्या सदिशाला गुणा आणि मूळ वेगातून वजा करा.

दोन उदाहरणं करून बघा. दोन्हींत वेग एकच, (६००, ५०, −२०) किमी/से.

पहिल्यात क्षेत्र (२०, २, ३) नॅनोटेस्ला. डॉट गुणाकार १२,०४०, क्षेत्राचा वर्ग ४१३, भागाकार २९.१५. वजाबाकी केल्यावर काटकोनातला वेग उरतो (१७, −८, −१०७). सहाशेपैकी एक्स दिशेत फक्त १७! उरलेला वेग झेड दिशेत, शीटच्या मध्याकडे. हा कडेचा झोत आहे, बीबीएफ नाही.

दुसऱ्यात क्षेत्र (३, २, १२). डॉट गुणाकार १,६६०, वर्ग १५७, भागाकार १०.५७. उरतो (५६८, २९, −१४७). एक्स दिशेतले ५६८ टिकले. हा प्रवाह खरा.

बीबीएफचा मूळ निकष एकूण वेगावर होता: १०० किमी/से च्या वरचा सलग तुकडा, त्यात किमान एक मोजणी ४०० च्या वर, आणि ४०० च्या वरच्या दोन मोजण्यांत दहा मिनिटांपेक्षा कमी अंतर असेल तर दोन्ही एकाच बीबीएफमध्ये. आज काटकोनातल्या वेगाचा आणि बी-झेडचा गुणाकार पाहणं जास्त भरवशाचं ठरतं. १ किमी/से गुणिले १ नॅनोटेस्ला म्हणजे मीटरला ०.००१ मिलिव्होल्ट. ४०० किमी/से आणि ५ नॅनोटेस्ला मिळून २ मिलिव्होल्ट प्रति मीटर होतात आणि हाच उंबरठा अनेक जण वापरतात. आपल्या पहिल्या उदाहरणात हा गुणाकार ०.०५ येतो, दुसऱ्यात ६.८. एकाच वेगाच्या दोन प्रवाहांत शंभरपटीहून जास्त फरक आहे, आणि तो वेगाच्या पट्ट्यात अजिबात दिसत नाही.

बी-झेड शून्याच्या जवळ असताना एक सावधगिरी बाळगा. फिरत्या यानावरच्या चुंबकमापकात फिरण्याच्या अक्षाच्या दिशेचा शून्यबिंदू पक्का करणं सर्वात अवघड असतं, आणि थेमिसवर ती दिशा झेडच्या जवळपास येते. त्यामुळे बी-झेड उणे ०.२ दिसला म्हणून लगेच रेषा उलटली असं लिहू नका. तीच खूण दुसऱ्या यानावर, मोठ्या आकड्यात शोधा.

सहावी पायरी: फ्रंट ओळखा

आता वेळेची खिडकी आवळून फ्रंटच्या आगेमागे दोन-दोन मिनिटं ठेवा. खरा फ्रंट असा दिसतो. आधी काही सेकंद बी-झेड थोडा खाली बसतो, कधी ऋणही होतो. मग एक-दोन सेकंदांत तो झपकन वर जातो, बऱ्याचदा १० नॅनोटेस्ला किंवा जास्त. त्याच क्षणी घनता पडते, तापमान चढतं, प्लाझ्मा दाब उतरतो आणि चुंबकीय दाब त्याची जागा घेतो. इलेक्ट्रॉनांच्या वर्णपटात वरच्या ऊर्जा उजळतात. वेग मात्र फ्रंटच्या आधीच चढू लागलेला असतो, कारण फ्रंट समोरच्या प्लाझ्माला ढकलत येतो.

आकड्यांत सांगायचं तर बी-झेडची वाढ किमान ४ नॅनोटेस्ला असावी, आणि क्षेत्राचा एक्स-वाय पातळीशी असलेला कोन किमान १० अंशांनी वाढून ४५ च्या वर जावा.

इथला सर्वात नेहमीचा चकवा म्हणजे शीटचं फडफडणं. शीट वरखाली होते आणि यान कडेवरून मध्यात येतं. बी-एक्स घसरतो, कोन वाढतो आणि बी-झेड थोडा बदलल्यासारखा वाटतो. पण त्यावेळी घनता वाढते. खऱ्या फ्रंटमध्ये ती पडते. दुसरी कुठलीही खूण विसरलात तरी ही विसरू नका.

प्रवाहाची दिशा आणि बी-झेडचं चिन्ह एकत्र वाचा. पृथ्वीकडे प्रवाह आणि धन बी-झेड: पुनर्जोडणीची जागा यानाच्या मागे, शेपटीच्या टोकाकडे आहे. टोकाकडे प्रवाह आणि ऋण बी-झेड: ती जागा यान आणि पृथ्वी यांच्या मधे आहे. टोकाकडे प्रवाह पण बी-झेड धन: पुनर्जोडणी नव्हे, बहुधा थबकलेला प्रवाह उलटा फिरतोय. १० ते १२ त्रिज्यांवर असं पुष्कळदा दिसतं, मिनिटामिनिटाच्या हेलकाव्यांसह.

सातवी पायरी: वेग आणि जाडी

प्रत्येक यानावर बी-झेडची उसळी अर्ध्यावर पोचली ती वेळ सेकंदापर्यंत टिपा. फ्रंट ३०० किमी/से या एकाच वेगाने गेला असं धरलं, तर पी१ ते पी२ हे ३.४ त्रिज्यांचं अंतर, म्हणजे सुमारे २१,७०० किलोमीटर, ७२ सेकंदांत कापलं जायला हवं. पी२ ते पी३ हे ५.७ त्रिज्यांचं अंतर १२१ सेकंदांत. तुम्ही टिपलेल्या वेळा याच्याशी ताडून बघा. प्रकाशित निष्कर्षातही वेग ३०० किमी/से च आहे, आणि एवढं अंतर फ्रंटने आपला आकार टिकवून कापलं हेच या घटनेचं महत्त्व.

हा हिशेब एक्स अक्षावरचा आहे. फ्रंट तिरपा असेल तर खरा वेग यापेक्षा कमी असतो. तिरपेपणा कळायला फ्रंटचा लंब लागतो. एका यानावर तो किमान-विचलन पद्धतीने काढतात: फ्रंटच्या आगेमागे ५ ते १० सेकंदांचा सेकंदाला ४ चा डेटा घ्या, तीन घटकांची सहविचलन सारणी मांडा, तिच्या सर्वात लहान आयगेनमूल्याचा सदिश म्हणजे लंब. मधलं मूल्य सर्वात लहानाच्या किमान पाचपट हवं. तेवढ्यावर थांबू नका. खिडकी दोन-तीन सेकंदांनी मागेपुढे करून पुन्हा काढा. लंब १० अंशांहून जास्त हलला तर तो वापरू नका, आयगेनमूल्यं कितीही सुंदर दिसोत.

चार यानं जवळ असतील तर लंब आणि वेग दोन्ही वेळांच्या फरकांतून निघतात. त्यासाठी एमएमएस उत्तम. २०१७ मध्ये तिची कक्षा शेपटीत २५ त्रिज्यांपर्यंत नेली गेली. पण यानं एकमेकांपासून वीसेक किलोमीटरवर असली, तर ३०० किमी/से चा फ्रंट ते अंतर ०.०७ सेकंदात पार करतो. तिथे सेकंदाला १२८ चा बर्स्ट डेटाच (निवडक वेळांसाठीचा दाट मोजणीचा डेटा) लागतो.

जाडी म्हणजे वेग गुणिले उसळीचा काळ. ३०० किमी/से आणि दीड सेकंद, म्हणजे ४५० किलोमीटर. हा आकडा आयन-जडत्व लांबीशी ताडा: २२८ भागिले घनतेचं वर्गमूळ, किलोमीटरमध्ये. घनता ०.३ असेल तर ४१६. दोन्ही जवळ आले म्हणजे फ्रंट आयनांच्या मोजपट्टीवरचा पातळ पडदा आहे, आणि त्याच्या आतलं भौतिकशास्त्र साध्या प्रवाही समीकरणांनी सुटणार नाही. तुमची जाडी ५,००० आली तर आधी कुठल्या फाइलमधला डेटा वापरला ते बघा.

आठवी पायरी: किती फ्लक्स गेला

काटकोनातला वेग गुणिले बी-झेड यांची प्रवाहाच्या पूर्ण काळावर बेरीज करा आणि प्रवाहाच्या रुंदीने गुणा. रुंदी एका यानावरून कळत नाही. क्लस्टरच्या चार यानांवरून ती पूर्व-पश्चिम दिशेत २ ते ३ त्रिज्या निघालेली आहे, तीच घ्या. सरासरी ३ मिलिव्होल्ट प्रति मीटर, ६० सेकंद आणि २.५ त्रिज्या धरल्या तर सुमारे २९ लाख वेबर येतात. रुंदी गृहीत धरलेली आहे हे निकालाशेजारी लिहा. या आकड्यातली सर्वात मोठी अनिश्चितता तिथेच असते.

जमिनीवरून पडताळणी

प्रवाह आत येऊन थबकला की शेपटीतल्या विद्युतप्रवाहाचा काही भाग आयनावरणाकडे वळतो आणि जमिनीवरच्या चुंबकमापकांवर उमटतो. आधी क्योटोच्या केंद्राचा एई निर्देशांक (ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्यातल्या चुंबकीय खळबळीचं माप) पाहा. मग थेमिसच्या उत्तर अमेरिकेतल्या केंद्रांचा डेटा घ्या. मोहिमेच्या कक्षा त्या खंडाच्या मध्यरात्रीशी जुळवूनच आखल्या होत्या.

अलिबागची वेधशाळाही इथे उपयोगी पडते. नवी मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेची ही वेधशाळा १९०४ पासून क्षेत्र मोजते आहे. मुंबईत विजेच्या ट्रामा येणार म्हणून कुलाब्याचं काम तिकडे हलवलं गेलं. कमी अक्षांशावर रात्रीच्या वेळी सबस्टॉर्मची (शेपटीतली ऊर्जा एकदम मोकळी होण्याच्या घटनेची) खूण म्हणून क्षैतिज घटक काही नॅनोटेस्लांनी वर उचलला जातो आणि तासाभरात खाली येतो. मात्र अलिबाग त्यावेळी मध्यरात्रीजवळ हवं, म्हणजे युटी १७ ते २१. आपल्या घटनेच्या वेळी महाराष्ट्रात दुपारचा सव्वा वाजून गेला होता, त्यामुळे तो दिवस अलिबागच्या नोंदीत शोधू नका. दुपारी दैनंदिन बदलाचा जोर इतका असतो की ही खूण त्यात बुडून जाते. अलिबागसाठी एमएमएसच्या घटनांमधून योग्य वेळेच्या निवडा.

सबस्टॉर्मच्या वेळी उठणारे पीआय२ स्पंद (क्षेत्राचे छोटे हेलकावे) पाहायचे असतील तर मिनिटाला एक नोंद पुरत नाही. त्यांचा आवर्तकाळ ४० ते १५० सेकंद असतो आणि मिनिटाच्या डेटात १२० सेकंदांच्या आतलं काहीच धड दिसत नाही. सेकंदाला एक असा डेटा घ्या.

सराव कुठे करायचा

२७ फेब्रुवारी २००९ नीट जमली की २६ फेब्रुवारी २००८ घ्या, थेमिसचीच. तिथे २० त्रिज्यांजवळची पुनर्जोडणी आधी आणि ध्रुवीय प्रकाशाचं उजळणं नंतर, हा क्रम वेळेनिशी दाखवला गेला होता. त्यासाठी यानांच्या आणि जमिनीवरच्या वेळा एकाच रेषेवर आणाव्या लागतात. तिसरी ११ जुलै २०१७, युटी २२:३४, एमएमएस. इथे यान पुनर्जोडणीच्या ऐन जागेतून गेलं, त्यामुळे टोकाकडे जाणारा प्रवाह उलटून पृथ्वीकडे वळताना दिसतो. एफपीआयचा बर्स्ट डेटा घ्या: इलेक्ट्रॉन ३० मिलिसेकंदांना, आयन १५० मिलिसेकंदांना. साधा डेटा साडेचार सेकंदांचा आहे आणि त्यात तो मधला टप्पा एक-दोन ठिपक्यांत संपतो.

पृथ्वीच्या सावलीतले तास सुरुवातीला टाळा. सावलीत सूर्य दिसत नाही, यान थंड होऊन त्याचा फिरण्याचा वेग किंचित बदलतो आणि दिशांचा हिशेब हळूहळू सरकत जातो. एक्स आणि वाय घटक एकमेकांत घुसलेले दिसले, आणि झेड मात्र शाबूत असेल, तर सावलीच्या वेळा तपासा. दुरुस्तीचा पर्याय थेमिसच्या मूळ स्तरावरच्या डेटासाठी उपलब्ध आहे, तो लोड करतानाच चालू करावा लागतो.